सरांनी बुडवलेलं रान

आमच्या माडीवर एक सर भाड्यानं राहत होते. त्यांना कोणतीबी गोष्ट वरून बघितल्याशिवाय पटायची न्हाई. समोरून, बाजूनं, जवळून दिसलेलं ते धरतच नव्हते. गल्लीत भांडण लागलं की सगळं गाव भांडणाकडं पळायचं, सर जिन्याकडं पळायचे. धाब्यावर चढायचे, कमरेवर हात ठेवून खाली बघायचे आणि उतरून मला सांगायचे, "अण्णा, पूर्वेकडून गर्दी वाढत चालली. पश्चिमेला मोकळं आहे."

"पण भांडण कोणाचं? कशावरून?"

"तेवढं वरून दिसत न्हाई."

मी शिकलेला माणूस न्हाई. निजामाच्या राज्यात दोन वर्षं उर्दूच्या शाळेत बसलो. पुढं पोलीस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाली, पण तवर माझा हात नांगराला लागला होता. तरी मला कोणी अडाणी म्हणलेलं खपत न्हाई, आणि तोंडावर आजपर्यंत कोणी म्हणालंबी न्हाई. हे लिहून राह्यलो ते अशासाठी, की त्या सरांबद्दल आमच्या भागात अर्धवट गोष्टी सांगतात. समुद्रानं सरांना धुतलं, सरांची डिग्री चपलेसंगं वाहून गेली, असं हाटेलात बसून चहा फुंकत बोलतात. मी तिथं होतो. बोलणारे नव्हते.

सर घनसावंगीच्या बाजूला एका कॉलेजात भूगोल शिकवायचे. बायको-लेकरं जालन्याला. आमचं गाव गोदावरीच्या काठाला, आणि माडीच्या खिडकीतून पात्र दिसतं, तेवढ्यासाठी त्यांनी ही खोली धरली. उंच माणूस, मान पुढं काढून चालायचे. पाय असे लांब की आमच्या बाजारात त्यांच्या मापाची चप्पल मिळायची न्हाई, जालन्याहून करून आणायला लागायची. वय चाळिशी उलटलेलं, पण नोकरी कच्ची. डॉक्टरची डिग्री केली तर कायम करू, असं कॉलेजवाले म्हणून राह्यले होते. हे डॉक्टर म्हणजे सुई टोचणारे न्हाई, अभ्यास करून होतात ते. सरांचा अभ्यास होता गोदावरीचा. पण आमच्या गावच्या न्हाई. ती आंध्रात जिथं समुद्राला मिळते, तिथला.

मी म्हणलं, "सर, नदी हितं खिडकीखाली वाहती, आन् तुम्ही तिची शेपटी धरून बसले?"

"शेपटी न्हाई अण्णा, तोंड. त्याला नदीचं मुखच म्हणतात."

"तोंड तिकडं आसंल तर मंग आपण तिच्या कुठल्या अंगाला राहतो, ते बोलू नका घरात," मी म्हणलं. चहा घेऊन आमच्या घरच्या, म्हणजे बायको, आल्या होत्या.

एक दिवस सरांनी कंप्युटर आणला. जीपमधे पुढची सीट त्याला दिली आणि स्वतः मागं टपावर बसून आले. दोन गोधड्यांत गुंडाळलेला, वरून दोरी. आख्खं गाव जमा झालं. आमच्या भागात तवा लाइट यायची कमी, जायची जास्त. म्हणून संगं एक जड पेटी होती, लाइट गेली की ती थोडा वेळ कंप्युटरला जिवंत ठेवायची आणि टीं टीं ओरडायची. पहिल्या दिवशी ती ओरडली तर कोंबडीचं पिल्लू कुठं अडकलं म्हणून आमच्या घरच्या सगळा सोपा धुंडाळून राह्यल्या होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं अवजारांची पूजा असती. नांगर, वखर, विळे, खुरपी, सगळं धुऊन मांडायचं, हळदकुंकू लावायचं. घरच्या म्हणाल्या, भाडेकरूचं अवजार का म्हणून वगळायचं? पाण्याचा तांब्या घेऊन त्या माडीवर गेल्या. सर असे किंचाळले, मला वाटलं साप निघाला.

"काकू, पाणी न्हाई! पाणी न्हाई! कोरडी पूजा!"

"कोरडी पूजा कुठं असती का, सर? नांगराला धुतलं, ह्याला काय सोवळं हाय?"

शेवटी कुंकवावर मिटलं. पण घरच्यांनी ते मूठभर टाकलं. बटनांच्या फटींत गेलेलं कुंकू सर पुढं दिवाळीपर्यंत चित्रकाराच्या कुंचल्यानं काढत होते. त्यांची बोटं कायम लाल. कॉलेजात पोरं विचारायची, सर, कोणाचं लग्न लावून आले?

सरांकडं हैदराबादहून तबकड्या यायच्या. त्यांत उपग्रहानं आभाळातून काढलेले फोटो. नदी समुद्राजवळ गेली की एका धारेनं जात न्हाई, फाटे फुटतात, आणि फाट्यांच्या मधी गाळ साचून नवी जमीन तयार होते. ती जमीन कुठं वाढली, कुठं घटली, हे सर कंप्युटरवर शोधायचे. पहिल्यांदा मी तो फोटो बघितला तर सगळं रान लालभडक.

"हे काय, सर? आग लागली?"

"झाडी आहे ती. उपग्रहाला झाडं लाल दिसतात."

"मंग त्याचे डोळे तपासा."

"मुद्दाम तसे रंग देतात अण्णा, ओळखायला सोपं जावं म्हणून."

"हिरवं हिरवं दिसलं तर ओळखायला अवघड जातं का?"

सर गप बसले. असं गप बसले की मी जिंकलो, असं मी धरून चालायचो.

त्या कंप्युटरला आपोआप काहीच कळायचं न्हाई. सर पडद्यावर एका जागी चौकट काढायचे आणि त्याला सांगायचे, हे पाणी. दुसरीकडं चौकट, ही वाळू. तिसरीकडं, ही झाडी. मंग तो सगळ्या फोटोत तशीतशी जागा धुंडून वेगळ्या रंगानं रंगवायचा. नव्या गड्याला एक तण उपटून दाखवावं आणि म्हणावं, असं असं सगळं काढ, तसलाच प्रकार. ह्या कामाची सरांना अशी सवय लागली की बाजारातबी तेच. भाजीवालीसमोर एक वांगं धरायचे, चहूबाजूनं तिला दाखवायचे आणि म्हणायचे, "हे वांगं. आता असे जेवढे असतील तेवढे काढ."

ती म्हणायची, "आन् तसले नसलेले कोण खाईन? तुमचा आज्जा?"

एकदा सरांना वाटलं, आपल्याच गावावर ही विद्या करून बघावी. कॅमेरा घेऊन पाण्याच्या टाकीवर चढले, वरून गावाचे फोटो काढले, ते संभाजीनगरला नेऊन कंप्युटरात घालून आणले. (तवा आम्ही औरंगाबादच म्हणायचो.) रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना माडीवर बोलावलं. पडद्यावर आमचा वाडगा, गुरं बांधायचं आवार, आणि वाडग्याच्या मधोमध निळाशार ठिपका.

"हे पाणी कुठून आलं माझ्या वाडग्यात?"

सर पडद्याला नाक लावून बघत राह्यले. मंग बारीक आवाजात म्हणाले, "अण्णा, ती तुमची म्हैस आहे."

"म्हशीला तळं म्हणतो हा?"

"काळं दिसलं की पाणी, असं मी त्याला शिकवलं. म्हशीचं काही सांगितलंच न्हाई ना."

सरपंचाच्या पांढऱ्या फेट्याला त्यानं वाळू धरली होती. ते सरपंचाला जाऊन सांगणारे गावात बरेच निघाले. पण माझा राग म्हशीसाठी होता. चांगली दूध देणारी म्हैस! मी आठ दिवस सरांशी बोललो न्हाई. शेवटी त्यांनी म्हशीला नवी दावण आणली, मंग बोललो.

आता माझ्या रानाचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्याच्यावरच आहे.

नदीला लागून आमचा एक पट्टा होता. काळीभोर, लोण्यासारखी माती. माझ्या लहानपणी, निजामाच्या टायमाला, एका पुरात गोदावरीनं तो पट्टा मुळासकट नेला. बाप सकाळी काठावर उभा राह्यला आणि माघारी आला. तेवढं मला आठवतं. ही गोष्ट मी सरांना एकदा सहज सांगितली. दुसरा कोणी असता तर च्‌च्‌ केलं असतं. सरांनी विचारलं, "पूर कधीचा? खालची धरणं व्हायच्या आधीचा ना?"

"कधीच्या आधीचा!"

"मंग गेली न्हाई तुमची जमीन. सरकली. खाली पोचली असणार, अण्णा. आता पोचत न्हाई, धरणांत अडकते. पण तुमची पोचली."

माझी मान अशी ताठ झाली की घरच्या विचारायल्या, काही चावलं का. आजकालच्या मातीसारखी आमची माती मधी धरणात बसून राह्यली न्हाई, थेट समुद्रापर्यंत गेली! त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी माडीवर जायचो. सर पडद्यावर समुद्रात घुसलेली एक जिभेसारखी जमीन दाखवायचे आणि म्हणायचे, "हे घ्या. तुमचं रान." ती माती माझीच कशावरून, हे मी विचारलं न्हाई. शिकलेला माणूस सांगतोय म्हणल्यावर कधीकधी ऐकावं.

असे दोन उन्हाळे गेले. आणि एक दिवस सर जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या सोडत खाली आले. चेहरा असा, की पोरगं झालेलं.

"अण्णा, सापडलं! वर चला!"

त्यांनी मधी बऱ्याच वर्षांचं अंतर असलेले दोन फोटो एकावर एक ठेवले होते. जुन्या फोटोत जमीन आणि नव्यात पाणी, अशी जी जागा, तिला कंप्युटरनं पिवळा रंग दिला होता. ती जिभेसारखी जमीन आख्खी पिवळी.

"एवढी जमीन समुद्रानं खाल्ली, अण्णा! वरून गाळ यायचा बंद झाला, त्याचा हा पुरावा. एवढी मोठी जागा आजपर्यंत कोणी दाखवलेली न्हाई. राजमहेंद्रीला मोठमोठ्या लोकांची सभा आहे, तिथं मला हे वाचायला बोलावलंय. तिथं मान्य झालं की डिग्री झाली समजा. नोकरी कायम!"

"आन् माझं रान?"

सरांचा हात पडद्यावरून खाली आला. "ते... गेलं, अण्णा."

"एकदा नदीनं नेलं, आता समुद्रानं? मला न्हाई मान्य. मी बघितल्याबिगर मानणार न्हाई."

"वरून स्पष्ट दिसतंय हो."

"मला खालून बघायचंय."

त्यांनी बरंच समजावलं. मी शिदोरी बांधायला सांगितली.

जालन्याहून आम्ही गाडीत बसलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, माझं एक जास्तीचं धोतर, आणि सरांच्या मांडीवर गुंडाळी केलेला तो पिवळा फोटो. तो ते झोपेतबी सोडत नव्हते. निजामाबाद मागं पडल्यावर मी विचारलं, "सर, समुद्र पहिल्यांदा कधी बघितला तुम्ही?"

सर खिडकीच्या बाहेर बघून राह्यले.

"सर?"

"वरून बघितलाय," ते म्हणाले.

मला एकदम बरं वाटलं. म्हणलं, चला, दोघं बराबरीचे.

सभा दुसऱ्या दिवशी होती. राजमहेंद्रीला उतरून पहाटेच आम्ही समुद्राकडची बस धरली. माझा अंदाज होता की तिकडं माझं उर्दू चालणार. निजामाची भाषा, कुठंबी चालती! पण किनाऱ्यावर कोणाला एक शब्द कळेना. सर म्हणाले, निजामाचं राज्य इथवर नव्हतंच अण्णा. तेवढ्यापुरता मला निजामाचा राग आला. सरांची इंग्रजी तर माझ्या उर्दूहून वाईट पडली. शेवटी एका नावाड्याला फोटो दाखवून, खाणाखुणा करून नावेत बसलो. खाडीच्या दोन्ही बाजूंनी दाट झाडी.

"सर, ही तुमची लाल झाडी ना?"

"हो."

"हिरवीच आहे की!"

सर काही बोलले न्हाईत. जिंकलो.

झाडी संपली आणि पुढं मोकळं वाळूचं, गाळाचं मैदान लागलं. लांबच लांब. समुद्र पलीकडं नुसती रेघ. नावाड्यानं आम्हाला उतरवलं आणि माझ्याकडं बघून हातवारे केले. तळहात आधी घोट्याजवळ धरला, मंग गुडघ्याजवळ, मंग छातीजवळ. मला वाटलं, लेकरांचं विचारून राह्यला, केवढीकेवढी आहेत. मी नातवाची उंची दाखवली. त्यानं मान जोरात हलवली आणि हात डोक्याच्या वर नेला. म्हणलं, ह्याचं पोरगं चांगलंच थोराड दिसतं. मी पाठीवर थाप मारून शाबासकी दिली. तो बिचारा आमच्याकडं वळूनवळून बघत नाव घेऊन बाजूला गेला.

सरांकडं हैदराबादहून उसनं आणलेलं एक हातातलं यंत्र होतं. आपण नेमकं कुठं उभे आहोत ते दाखवायचं. सर यंत्र बघायचे, फोटो बघायचे, चार पावलं चालायचे, परत यंत्र. चेहरा उतरत चाललेला.

"काय झालं, सर?"

"अभ्यासाप्रमाणे आपण पाण्यात उभे आहोत."

"किती पाण्यात?"

"चांगल्यापैकी."

मी खाली बघितलं. "धोतर तर कोरडं आहे."

सरांनी टाच आपटून बघितली. खाली जमीनच होती. मला हसायला येऊन राह्यलं होतं, पण त्यांच्याकडं बघून आवरलं. ते मटकन खाली बसले. आणि मंग थोड्या वेळानं जसे बसले तसे ताडकन उठले.

"परत आली! अण्णा, जमीन परत आली! तो फोटो काढल्यानंतर समुद्र मागं सरकला असणार! हा तर त्याहून मोठा शोध!"

आणि ते एवढे उंच सर, मान पुढं काढून, वाळूवर नाचायला लागले. मीबी खूश. रान परत आलं होतं. आता परत आलेल्या रानाचा ताबा घ्यायला नको का? पहिली गोष्ट, मी सरांना चपला काढायला लावल्या. आमच्यात खळ्यावर कोणी चपला घालून चढत न्हाई, मग हे तर एवढ्या वर्षांनी परत आलेलं रान. दोघांच्या चपला समुद्राच्या बाजूला एका जागी ठेवल्या. वाहून आलेल्या वाळक्या काटक्या गोळा केल्या, आणि हा चढ माझा, तो उतार माझा असं करत चार कोपऱ्यांवर चार खुंट्या ठोकल्या. मंग मधोमध बसून दशम्या सोडल्या. सर खात कमी होते, बोलत जास्त होते. नवा निबंध तोंडानंच लिहून राह्यले होते.

लोणच्याची फोड तोंडात टाकता टाकता माझं लक्ष गेलं. समुद्राकडची एक खुंटी न्हाई.

"सर, खुंटी कोणी उपटली?"

"कोणी कशाला उपटेल?"

"न्हाई तर काय! आत्ता ठोकली होती. इथंबी हेच धंदे?" मी उठलो, दूरवर नजर टाकली. माणूस न्हाई, काणूस न्हाई. एवढ्यात दुसरी खुंटी आडवी झाली आणि डोळ्यांदेखत चालायला लागली. तिच्याखाली बोटभर पाणी. आवाज न्हाई, लाट न्हाई, गुपचूप. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. जन्मभर शेजाऱ्याबरोबर बांधावरून भांडण केलेला माणूस मी, मला ती चाल बराबर ओळखू आली.

"सर! हा समुद्र बांध कोरून राह्यला!"

सर वळले. त्यांची एक लांब चप्पल होडीसारखी डुलत डुलत निघाली होती. तिच्यामागं माझी एक. सर त्या चपलांकडं बघत राह्यले. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं तरी हलले न्हाईत.

"भरती," ते म्हणाले. "अण्णा, भरती."

"म्हणजे?"

"दर दिवशी चढतं, दर दिवशी उतरतं. मी दरवर्षी शिकवतो हो. फळ्यावर चंद्र काढून शिकवतो. पेपरात विचारतो!"

आणि ते पाण्यातच खाली बसले. मी त्यांना काखेत धरून उठवलं. तवर नावाडी आला. त्यानं आम्हाला वर ओढून घेतलं आणि पुन्हा तळहात छातीजवळ धरून दाखवला. मी हात जोडले. ते पोरगं नव्हतं, पाणी होतं.

नावेत सर तो भिजलेला फोटो मांडीवर पसरून बसले. पिवळा रंग विरघळून त्यांच्या पँटीवर उतरला होता. त्यांनी मला समजावून सांगितलं. पहिला फोटो निघाला तवा पाणी उतरलेलं होतं, दुसरा निघाला तवा चढलेलं. जमीन कुठंच गेली नव्हती.

"म्हणजे माझं रान आहे?"

"आहे."

"मंग रडता कशाला?"

"माझं गेलं, अण्णा."

राजमहेंद्रीच्या लॉजवर सरांनी पँट धुऊन वाळत घातली आणि टॉवेल लावून भिंतीकडं तोंड करून बसले. मी म्हणलं, "जे लिहून आणलं ते वाचून टाका. त्या हालमधे समुद्र थोडाच येतोय? डिग्रीचा अभ्यास तपासणाऱ्या तुमच्या साहेबानं बघितलं, त्याला तरी कुठं कळलं? डिग्री घ्या, नोकरी पक्की करा, मंग निवांत दुरुस्त करा."

सर भिंतीकडून माझ्याकडं वळले. मंग विचारलं, "अण्णा, तुमच्या बांधाची खुंटी रात्रीतून कोणी सरकवली तर?"

"हात तोडीन त्याचा."

"मी समुद्राची सरकवली."

ह्या वेळी सर जिंकले. आयुष्यात थोड्या वेळा असं झालंय, म्हणून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी गावातली दुकानं पालथी घातली, पण सरांच्या मापाची चप्पल मिळाली न्हाई. शेवटी लॉजच्या न्हाणीतल्या रबरी सपाता घालून दोघं सभेला गेलो. सरांच्या टाचा मागं बाहेर. हाल सगळा कोटवाल्यांनी भरलेला. सरांचं नाव पुकारलं. त्यांनी भिंतीवर तो पिवळा फोटो पाडला, कागद उघडला, एक ओळ वाचली, आणि कागद मिटून खिशात घातला. मंग इंग्रजीत बोलायला लागले. मला इंग्रजी येत न्हाई, पण बोलताना ते मधीच आपल्या पायाकडं बघायचे, त्यावरून कळत होतं की गोष्ट चपलांपर्यंत आली. आधी हाल शांत होता. मंग मागून कोणी तरी हसलं. मंग सगळेच. सर थांबले न्हाईत. त्यांचे कान कुंकवासारखे लाल झाले होते.

मधल्या खुर्चीवर पांढऱ्या केसांचे एक अध्यक्ष बसले होते. त्यांनी हात वर करून हाल गप केला आणि काही विचारलं. सरांनी माझ्याकडं बोट केलं. अध्यक्ष निघाले हैदराबादचे. एकदम आमच्या निजामी उर्दूत बोलले,

"बड़े मियाँ, आप थे इनके साथ?"

मी उठलो. धोतर सारखं केलं. "था ना साब. जमीन मेरीच है वो."

परत हशा.

"तो क्या देखे आप?"

"सुबे कू जमीन थी, दुपेर कू समंदर था. सर कू हँसो मत. हमारे जालने की तरफ पानी एक बार गया तो वापस नईं आता. इनों कैसा समझते?"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सरांकडं वळून ते इंग्रजीत सावकाश काही तरी बोलले. सर नुसती मान हलवत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? सर म्हणाले, "पाणी सारखंच असतानाचे दोन फोटो घ्या, सगळं पहिल्यापासून करा, आणि आधी मला दाखवा, म्हणाले." थोडं चालून परत म्हणाले, "आणि म्हणाले, पुढच्या वेळी ह्या बड़े मियाँना घेऊन या."

सरांनी सगळं पहिल्यापासून केलं. कॉलेजात हसले लोक, ते खरं. कायम नोकरी तवा मिळाली न्हाई, तेबी खरं. पण भरतीचं वेळापत्रक मागवून, जुळणारे फोटो शोधून, त्यांनी परत एकावर एक ठेवले तवा मी शेजारीच बसलेलो होतो. पिवळा रंग निघाला, पण कडेला फक्त दोऱ्याएवढा.

"एवढंच?" मी म्हणलं.

"एवढंच. पण खरंच गेलेलं." आणि त्या दोऱ्याकडं ते असे बघत होते, जसं आख्खं शेत सापडलंय.

त्याच दोऱ्यावर पुढं त्यांना डिग्री मिळाली आणि भोकरदनकडं एका कॉलेजात कायम नोकरी. जायच्या आधी गल्लीत एक भांडण लागलं. सर जिन्यानं वर न जाता खाली पळाले, थेट गर्दीत घुसले आणि भांडण कशावरून आहे ते दोघांना विचारलं. दोघांनीबी एकेक ठेवून दिली. ओठ सुजवून, हसत घरात आले.

"कळलं अण्णा! पाण्याच्या नळावरून!"

आता ते कधीमधी फोन करतात. ख्यालीखुशाली विचारत न्हाईत. भरतीचं वेळापत्रक समोर घेऊन बसलेले असतात. "अण्णा, तुमचं रान आत्ता पाण्याखाली गेलंय. दुपारून वर येईल."

"येऊ द्या," मी म्हणतो. "खुंट्यांवर ध्यान ठेवा."

फोन ठेवला की घरच्या आतून विचारतात, कोणाचा होता?

मी सांगतो, आपल्या सालगड्याचा. आंध्रातल्या रानाचं बघतो तो.